घरातल्या घरात फाईल का अडते?

(द्वितीय वर्ष, कला)

टेंभली हे आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील एक छोटे गाव. २९ सप्टेंबर २०१० रोजी याच गावी देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले आणि पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांना मिळाला. त्या दिवसापासून आपल्याकडील खेड्यापाड्यातील माणसाची माहिती दूरदूरच्या संगणकांत जाऊन बसू लागली. या गोष्टीला आता पंधरा वर्षे उलटून गेली. आणि गंमत अशी की, कळसाडीतील आमच्या घरी एका खोलीतील फोनमधली फाईल भिंतीपलीकडच्या संगणकात काही केल्या जाईना!

प्रसंग साधाच होता. श्रावणात कानबाईच्या उत्सवात माझी आजी आणि गल्लीतील बाया जी गाणी म्हणतात, ती मी फोनवर ध्वनिमुद्रित केली होती. चांगली तेवीस गाणी जमली. फोनमधली जागा संपत आली, म्हणून ती थोरल्या काकांच्या संगणकात ठेवावीत असे ठरले. दोन्ही घरांची भिंत एक आणि वाय-फायही एकच. काम पाच मिनिटांचे वाटले. प्रत्यक्षात तीन दिवस लागले, आणि शेवटी एक गाणे हातचे गेले. ते कसे गेले हे पुढे सांगणारच आहे. परंतु त्या तीन दिवसांत जे ध्यानात आले ते माझ्यासारख्याच इतर विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते. मी विज्ञानशाखेची विद्यार्थिनी नाही. तेव्हा शास्त्रीय परिभाषा शक्य तितकी टाळून, जे स्वतः करून पाहिले व वाचून समजून घेतले, तेवढेच येथे मांडते.

व्हॉट्सॲप असताना हा खटाटोप कशाला?

हा प्रश्न मला काकांनीही विचारला. उत्तर असे की, व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेले छायाचित्र किंवा चलचित्र वाटेत आकसते. त्यातील बारकावे कमी करून ते लहान केले जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविले तर ते जसेच्या तसे जाते, व २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाईल तशी पाठविता येते. पण भिंतीपलीकडे जाण्यासाठी ती फाईल आधी बाहेरच्या जगातील संगणकापर्यंत जाते आणि तेथून पुन्हा परत येते. म्हणजे डेटा दोनदा खर्ची पडतो. शेजारच्या घरी वाटीभर साखर द्यायची आणि ती मुंबईमार्गे पाठवायची, यातला हा प्रकार झाला.

वस्तुतः आपल्या घरातला राउटर दोन कामे करतो. घराला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणे हे पहिले. आणि घरातील फोन, लॅपटॉप, संगणक यांना एकमेकांशी जोडणे हे दुसरे. या दुसऱ्या कामाला इंटरनेट लागतच नाही. बाहेरची जोडणी तुटलेली असली, रिचार्ज संपलेला असला, तरी राउटरला वीज मिळत असेल तर घरातल्या घरात फाईल जाऊ शकते. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही नव्हती. 'नेट नाही' म्हणून मी पहिली संध्याकाळ व्यर्थ घालविली.

या व्यवस्थेला मोठा इतिहास आहे. जवळजवळचे संगणक एका तारेने जोडण्याची ईथरनेट ही कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात मांडली. एका संगणकातील फोल्डर दुसऱ्याने उघडावा यासाठी लागणारी बोलण्याची ठरीव पद्धत, जिला एसएमबी म्हणतात, ती १९८३ मध्ये आयबीएममधील बॅरी फायगेनबाउम यांनी सुरू केली. विंडोजमधील फोल्डर आजही याच पद्धतीच्या सुधारित रूपाने उघडतात. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये ज्याचा आरंभ केला त्या 'साम्बा'मुळे विंडोज नसलेली यंत्रेही ही भाषा बोलू लागली.

आता दोष शोधण्याकडे वळू. पोस्टातून पाठविलेले पार्सल पोहोचले नाही तर आपण काय विचारतो? रस्ता चालू होता का? पत्ता बरोबर होता का? दार उघडे होते का? दारावरच्या माणसाने आत घेतले का? आणि शेवटी, सामानातच काही खोट होती का? फाईलचेही तसेच आहे. हे पाच प्रश्न याच क्रमाने विचारावेत. कारण रस्ताच नसेल तर दार ठोठावण्यात अर्थ नाही.

पहिला प्रश्न : रस्ता आहे का?

दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यात आहेत ना, हे प्रथम पाहावे. पुष्कळदा वाय-फाय क्षीण झाले की फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातो आणि आपल्या ते लक्षात येत नाही. काही राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय असते. त्यावर असलेल्या यंत्राला इंटरनेट मिळते, परंतु घरातील इतर यंत्रे दिसत नाहीत. ही योजना मुद्दाम केलेली असते. महाविद्यालय, वसतिगृह वा ग्रंथालय अशा ठिकाणच्या सार्वजनिक वाय-फायवरही याच कारणाने दोन मित्रांचे लॅपटॉप एकमेकांना न दिसण्याचा संभव असतो. तेथे बिघाड समजून खटपट करू नये.

दुसरा प्रश्न : पत्ता बरोबर आहे का?

राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. हे पत्ते खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे कळसाडीतील आमच्या घरी आणि पुण्यातील एखाद्या घरी एकच पत्ता असू शकतो. जशी एक नंबरची खोली प्रत्येक वाड्यात असते. साधारणपणे घरातील दोन यंत्रांच्या पत्त्यांचे पहिले तीन भाग सारखे असावे लागतात. एकाचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.८ असेल तर ते शेजारी आहेत. पण एखाद्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही व त्याने आपल्या मनाने एक घेतला आहे असे समजावे. अशा वेळी वाय-फाय बंद करून पुन्हा जोडावे.

आमच्याकडचा एक खास दोष येथेच सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली आणि तासाभराने आली. राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने यंत्रांना नव्याने पत्ते वाटले. आदल्या दिवशी काकांच्या संगणकाचा पत्ता शेवटी ५ होता, तो आता ८ झाला. माझा फोन मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारीत राहिला. जेथे लाइट वारंवार जाते तेथे 'काल चालत होते, आज का नाही' या कोड्याचे हे एक नेहमीचे उत्तर असावे. यावर उपाय असा की, राउटरच्या मांडणीत जाऊन त्या संगणकासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा.

आणखी एक बारीक भेद सांगण्यासारखा आहे. 'नेटवर्क' या यादीत संगणकाचे नाव दिसत नाही, पण आकडी पत्ता लिहिला की तो उघडतो, असे कित्येकदा होते. याचा अर्थ रस्ता, दार, परवानगी सर्व ठीक आहे; फक्त नावे पुकारणारी व्यवस्था मुकी झाली आहे. म्हणून यादीत नाव नाही एवढ्यावरून निराश होऊ नये. पत्ता लिहून पाहावा.

तिसरा प्रश्न : दार उघडे आहे का?

विंडोज कोणत्याही नव्या जाळ्याला सहसा परके मानते. त्याच्या भाषेत हे 'पब्लिक' जाळे. रेल्वे स्थानकावर आपण पेटीला कुलूप लावून बसतो, तसा संगणक अशा जाळ्यात दार लावून बसतो. घरच्या जाळ्याला आपण स्वतः 'प्रायव्हेट' म्हणून सांगावे लागते, आणि फाईल व प्रिंटर सामायिक करण्याची परवानगी चालू करावी लागते. आमचे पहिल्या दिवशीचे अडलेले घोडे येथेच होते.

दाराशी पहारेकरी असतो त्याला फायरवॉल म्हणतात. तो कधी 'पिंग' नावाच्या साध्या हाकेलाही उत्तर देऊ देत नाही. तेव्हा पिंगला उत्तर आले तर रस्ता नक्की आहे असे समजावे. परंतु उत्तर आले नाही म्हणून रस्ता नाहीच, असे अनुमान काढू नये. आमच्या तर्कशास्त्राच्या पुस्तकात हा दोष शिकविला जातो. तो येथे प्रत्यक्ष भेटला. आणि हो, ज्या संगणकात फाईल जायची तो झोपलेला नाही ना, हेही पाहावे. काही वेळ कोणी हात लावला नाही की संगणक झोपी जातो आणि दार ठोठावणाऱ्याला ओ देत नाही.

चौथा प्रश्न : आत घेतात का?

दार उघडले, पण 'तुम्हाला परवानगी नाही' असे उत्तर आले, तर ती एका परीने चांगली बातमी समजावी. रस्ता, पत्ता आणि दार हे तिन्ही प्रश्न सुटल्याचा तो पुरावाच असतो. आता प्रश्न ओळखीचा उरला.

येथे दोन गोष्टी माणसाला हमखास चकवतात. संगणक उघडण्यासाठी आपण जो चार आकडी पिन वापरतो तो केवळ त्या यंत्रासमोर बसणाऱ्यासाठी असतो. जाळ्यावरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्डच द्यावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की, ज्या खात्याला पासवर्डच नाही त्या खात्याच्या नावाने विंडोज जाळ्यावरून कोणालाही आत घेत नाही. काकांच्या संगणकाला पासवर्ड नव्हता. 'घरातच आहे, कुलूप कशाला' हा त्यांचा विचार. मी रिकामा पासवर्ड देत राहिले आणि संगणक नाही म्हणत राहिला. शेवटी फाईलींसाठी म्हणून एक वेगळे खाते पासवर्डसह उघडले आणि काम झाले. याशिवाय परवानगीचे दोन पदर असतात : एक जाळ्यावरून येणाऱ्यासाठी आणि एक त्या फोल्डरपुरता. दोहोंपैकी जो कडक असेल तो लागू होतो. त्यामुळे फोल्डर दिसतो, उघडतो, पण त्यात काही ठेवता येत नाही, असा अनुभव येतो.

पाचवा प्रश्न : सामानात खोट आहे का?

जुने पेन ड्राइव्ह व मेमरी कार्ड पुष्कळदा फॅट-३२ या पद्धतीने आखलेले असतात. त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाईल मावत नाही, मग ३० जीबी जागा रिकामी का असेना. लग्नाचे लांबलचक चलचित्र येथेच अडते. फाईलच्या नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह असेल तर विंडोज ते नाव स्वीकारत नाही.

मराठी माणसासाठी यात एक वेगळे प्रकरण आहे. फाईल सुखरूप पोहोचते, उघडतेही, पण आत मराठीऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरे व खुणा दिसतात. आपण म्हणतो फाईल वाटेत बिघडली. ती बिघडलेली नसते. पूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांत टंकलिखित केला जाई, आणि त्यांत 'क' साठी कोणता आकडा हे प्रत्येक फॉन्टचे वेगळे असे. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकात नसेल तर नुसते आकडे पोहोचतात, अक्षरे मागे राहतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे; त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. म्हणून प्रकल्प, निबंध वा वार्षिकांकाचे लेख युनिकोडमध्येच लिहावेत, म्हणजे ते कोठेही वाचता येतात.

सावकाश का जाते?

फाईल जाते, पण गोगलगायीच्या गतीने, ही तक्रारही नेहमीची. प्रथम मापांतील घोटाळा समजून घ्यावा. जाळ्याचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाईलचे आकारमान मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. तेव्हा १०० मेगाबिटच्या तारेवरून सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट जातात, आणि १००० मेगाबाइटच्या फाईलला निदान ८० सेकंद लागतात. यात कोणी फसवत नाही. हिशेबच तसा आहे.

वाय-फायवर वेग आणखी घटतो. पाठविणारा व घेणारा दोघेही वाय-फायवर असतील तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो : एकदा राउटरकडे, एकदा राउटरकडून. साहजिकच वेग निम्म्याच्या आसपास येतो. एक यंत्र तारेने जोडले तरी मोठा फरक पडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून लांब जातात पण सावकाश. ५ गिगाहर्ट्झच्या जलद असतात पण भिंतीने लवकर थकतात. आणि हजार लहान फाईलींपेक्षा तेवढ्याच वजनाची एक मोठी फाईल लवकर पोहोचते, कारण प्रत्येक फाईलमागे विचारपूस वेगळी होते. म्हणून लहान फाईलींचे एक गाठोडे, म्हणजे झिप, करून पाठवावे.

दार सताड उघडे टाकू नये

घाईत पुष्कळजण फायरवॉल बंद करतात, पासवर्ड काढून टाकतात, आणि काम झाले की विसरून जातात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या संगणकविषाणूने जगात जो हाहाकार माजविला, तो एसएमबीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतील एका छिद्रातूनच. सुमारे १५० देशांतील २ लाखांहून अधिक संगणकांना त्याची बाधा झाली. विशेष म्हणजे ते छिद्र बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली ते वाचले. पुढे त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती जुनी पद्धत आपोआप बसविणे बंद झाले. म्हणून जुना राउटर वा जुनी डिस्क नव्या लॅपटॉपला दिसत नसेल तर जुनी पद्धत पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी देईल. तो सहसा ऐकू नये. तपासणीपुरते काही बंद केले असेल तर तपासणी होताच पुन्हा चालू करावे.

माझी चूक

पहिल्या दिवशी मी हे सर्व एकदम केले होते. राउटर बंद-चालू केला, फायरवॉल काढला, ॲप पुन्हा बसविले, जाळ्याचा प्रकार बदलला. संध्याकाळी फोल्डर उघडला. पण कशाने उघडला ते कळले नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो पुन्हा अडला तेव्हा मी जेथल्या तेथेच होते. तिसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. एका वेळी एकच बदल, त्यापुढे निकाल. तासाभरात सर्व उलगडले.

पण खरे नुकसान त्यानंतर झाले. गाणी जात असताना मध्येच लाइट गेली. ती आल्यावर मी पुन्हा पाठविण्यास सुरुवात केली. फोनने विचारले, या नावाची फाईल तेथे आधीच आहे, वगळू का? मी हो म्हटले. जे गाणे जाताजाता तुटले होते त्याचे नाव तेवढे तिकडे पोहोचले होते. आत आवाज नव्हता. काकांच्या संगणकावर तेवीस नावे मोजली, समाधान पावले आणि फोनमधली सगळी गाणी पुसून टाकली. दोन दिवसांनी आजीला ऐकविण्यासाठी ते गाणे लावले, तेव्हा ते सुरूच होईना.

आजीला म्हटले, पुन्हा म्हण. तिने चार वेळा सुरुवात केली आणि दर वेळी दुसऱ्या ओळीवर थांबली. ते गाणे एकटीने येत नाही, बाया बसल्या की येते, असे ती म्हणाली. आता पुढच्या श्रावणाची वाट पाहायची.

पुण्याच्या हेमा राइरकर व गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह उभा केला, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने त्या लोकांपुढे ठेवल्या. एवढ्या ओव्या टिकल्या त्या गोळा करण्याच्या कष्टाने, तशाच त्या नीट ठेवण्याच्या शिस्तीनेही टिकल्या. आपल्या घरचा संग्रह लहान असेल, पण नियम तोच. फाईल 'हलवू' नये, तिची प्रत करावी. पोहोचल्यावर नाव नव्हे, आकारमान ताडून पाहावे. प्रत्येक फाईल उघडून निदान शेवटचे काही क्षण ऐकावेत. दुसरी प्रत आणखी एका ठिकाणी ठेवावी. आणि मगच मूळ पुसावे.

आमच्या वहीच्या त्या पानावर आता पाच प्रश्नांखाली सहावाही लिहिला आहे : पोहोचले ते खरेच पोहोचले का? काकांनी ते पान संगणकाच्या शेजारी भिंतीला चिकटवून ठेवले आहे.